‘ॲक्सेस डिनाइड’ : डेटाबेसनं दार लावलं की आपण कुलूपच का तोडतो?

वेबसाइट उघडली आणि पानाऐवजी पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ दिसली : ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’. वर्डप्रेसवर चालणाऱ्या साइट्सवर ही ओळ तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. स्क्रीनशॉट लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि खाली पहिला प्रश्न येतो, “साइट हॅक झाली का?”

बहुतेक वेळा तसं काही नसतं. कधी सर्व्हर बंद असतो, कधी त्याच्यावर ताण आलेला असतो. आणि बऱ्याचदा पडद्यामागच्या नोंदींमध्ये एक वेगळीच ओळ असते : ‘ॲक्सेस डिनाइड फॉर यूजर’. म्हणजे वेबसाइटची सगळी माहिती ज्या सर्व्हरवर ठेवलेली आहे, त्या डेटाबेस सर्व्हरनं खुद्द वेबसाइटलाच आत घेतलेलं नसतं.

धोका इथे संपत नाही, खरं तर इथून सुरू होतो. बंद पडलेली साइट तासाभरात चालू करायची म्हणून जे उपाय केले जातात, त्यातून पुढच्या डेटा लीकची तयारी होते. हे नेमकं कसं घडतं?

एका ओळीत तीन धागे

जगभरात मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा डेटाबेस म्हणजे मायएसक्यूएल. त्याची १०४५ क्रमांकाची एरर साधारण अशी दिसते : ‘ॲक्सेस डिनाइड फॉर यूजर रूट ॲट लोकलहोस्ट, यूजिंग पासवर्ड येस’. ही ओळ वैताग आणते, हे खरं. पण नीट वाचली तर तपासाचे तीन धागे तिच्यातच असतात. आत कोण येऊ पाहतंय, कुठून येतंय आणि पासवर्ड दिला होता की नाही.

शेवटच्या धाग्यापासून सुरुवात केलेली बरी. तिथे ‘नो’ असेल तर पासवर्ड चुकलेला नाही, तो सर्व्हरपर्यंत पोहोचलेलाच नाही. सेटिंगची फाइल वाचली गेली नाही किंवा कमांड देताना पासवर्डचा पर्याय लावायचा राहिला, अशी कारणं निघतात. अशा वेळी पासवर्ड पुन्हा पुन्हा बदलत बसणं म्हणजे न टाकलेल्या पत्राच्या उत्तराची वाट पाहणं.

‘येस’ असेल तर पासवर्ड गेला, पण जुळला नाही. इथे टायपिंगच्या चुकीपलीकडच्याही गमती आहेत. पासवर्डमध्ये # हे चिन्ह असेल आणि तो सेटिंगच्या फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिला असेल, तर मायएसक्यूएल # पासून पुढचा भाग शेरा समजून सोडून देतं. डॉकर वापरणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. तिथे रूटचा पासवर्ड सेटिंगमध्ये लिहिता येतो, पण तो लागू होतो डेटाबेस पहिल्यांदा तयार होताना. नंतर सेटिंगमध्ये कितीही वेळा नवा पासवर्ड लिहा, आत जुनाच चालू असतो. तासन् तास यात गेलेले कितीतरी डेव्हलपर असतील.

नाव तेच, माणूस वेगळा

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘कुठून’ या धाग्यावर.

आपल्याला वाटतं, यूजरनेम म्हणजे ओळख. मायएसक्यूएल तसं मानत नाही. त्याच्या लेखी नाव आणि ठिकाण मिळून एक ओळख होते. सोसायटीच्या वॉचमनचं उदाहरण घ्या. त्याच्या वहीत ‘दूधवाला, मागचं गेट’ अशी नोंद आहे. तोच दूधवाला पुढच्या गेटवर आला तर वहीप्रमाणे तो अनोळखीच. तसंच ‘लोकलहोस्ट’वरून, म्हणजे त्याच मशीनवरून येणारा यूजर आणि दुसऱ्या मशीनवरून येणारा त्याच नावाचा यूजर ही मायएसक्यूएलसाठी दोन वेगळी खाती आहेत. त्यांचे पासवर्ड वेगळे असू शकतात आणि अधिकारही.

म्हणूनच डेव्हलपरच्या लॅपटॉपवर चाललेला प्रोजेक्ट सर्व्हरवर चढवला की अडतो. लॅपटॉपवर सगळं एकाच मशीनवर होतं. सर्व्हरवर वेबसाइट एकीकडे असते आणि डेटाबेस दुसरीकडे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी अनेक जण झॅम्प वापरतात, तिथे तर रूटला सुरुवातीला पासवर्डच नसतो. ती सवय घेऊन खऱ्या सर्व्हरवर आलेल्या माणसाला पहिला नकार इथेच मिळतो.

आणखी एक जुना सापळा आहे. वॉचमनच्या वहीत एकाच माणसाला लागू पडतील अशा दोन नोंदी असतील तर मायएसक्यूएल आधी ठिकाण बघतं, आणि ज्या नोंदीत ठिकाण जास्त नेमकं लिहिलंय ती निवडतं. त्यामुळे सर्व्हरवर लोकलहोस्टसाठी एखादं बिननावाचं खातं पडून राहिलं असेल, तर ‘कुठूनही चालेल’ अशी नोंद असलेला खरा यूजर बाजूला राहतो आणि तपासणी त्या बिननावाच्या खात्याची होते. पासवर्ड बरोबर, नाव बरोबर, तरीही नकार!

प्रत्येक नकार मात्र एकाच जातीचा नसतो. १०४४ ही एरर आली तर तुम्ही इमारतीत शिरला आहात, पण त्या एका खोलीची, म्हणजे त्या डेटाबेसची परवानगी नाही. ११३० म्हणजे या पत्त्यावरून येणाऱ्या कुणालाच प्रवेश नाही. २००३ आली तर प्रश्न परवानगीचा नाहीच, सर्व्हरपर्यंतच पोहोचता आलेलं नाही. उबुंटूवर दिसणारी १६९८ बहुतेक वेळा सांगते, की रूटचा प्रवेश पासवर्डवर नसून मशीनच्या स्वतःच्या रूट खात्याशी जोडलेला आहे. अशा ठिकाणी ‘सुडो’ लावून आत गेलं की काम होतं, पासवर्ड शोधत बसायची गरज नसते.

पासवर्ड बरोबर, तरी आता का अडतंय?

या जुन्या प्रश्नाला सध्या नवं निमित्त मिळालं आहे. मायएसक्यूएलच्या ८.० या आवृत्तीला ओरॅकल कंपनीनं दिलेली सपोर्टची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची. २०१८ मध्ये आलेली ही आवृत्ती असंख्य साइट्सखाली आहे. त्यामुळे होस्टिंग कंपन्या आणि आयटी टीम ८.४ कडे सरकतायत, आणि त्या सरकण्यात जुनी खाती अडकतायत.

कारण पासवर्ड तपासण्याची पद्धतच बदलली आहे. जुनी पद्धत एसएचए-१ या आता कमकुवत ठरलेल्या तंत्रावर उभी होती. ८.० मध्ये नव्या खात्यांसाठी जास्त भक्कम पद्धत आली, पण जुनीही चालू राहिली. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या ८.४ मध्ये जुनी पद्धत मुळातच बंद ठेवलेली असते. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या ९.० मधून ती काढूनच टाकली गेली. काही वर्षांपूर्वी बनवलेलं खातं जुन्या पद्धतीवर असेल, तर अपग्रेडनंतर ते आत येऊ शकत नाही. यात पासवर्ड कुणीच बदललेला नसतो. एररही वेगळी येते, १५२४ क्रमांकाची, जुन्या पद्धतीचं प्लगिन लोड झालेलं नाही असं सांगणारी.

नीट उपाय आहे तो खातं नव्या पद्धतीवर नेण्याचा. त्यासाठी त्या खात्याला पासवर्ड नव्यानं द्यावा लागतो आणि साइट ज्या पीएचपीवर चालते, ती ७.४ किंवा त्यापुढची असावी लागते. सोपा उपाय म्हणजे ८.४ च्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहून जुनी पद्धत परत चालू करणं. दोन दिवसांसाठी हे समजण्यासारखं आहे. पण ती ओळ तिथेच राहते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की तो गृहीतच धरलेला बरा.

रात्री अकराचा उपाय

समजा, एखाद्या क्लासची वेबसाइट आहे. विद्यार्थ्यांची नावं, पालकांचे मोबाइल नंबर, फीच्या नोंदी सगळं तिच्या डेटाबेसमध्ये. ॲडमिशनच्या दिवसांत साइट बंद पडते. क्लासवाल्या सरांचा फ्रीलान्सर मुलाला फोन जातो, “काहीही कर, पण सकाळपर्यंत चालू कर.” तो एरर सर्च करतो, सापडेल ते उत्तर कॉपी करतो.

त्या उत्तरांत बऱ्याचदा असतं काय? यूजरच्या ठिकाणी % हे चिन्ह टाका, म्हणजे तो कुठूनही येऊ शकेल. त्याला सगळ्या डेटाबेसचे सगळे अधिकार द्या. सर्व्हर फक्त स्वतःच्या मशीनचं ऐकत असेल तर त्याला सगळ्या जगाचं ऐकायला लावा आणि ३३०६ हा पोर्ट उघडा. पासवर्ड सोपा ठेवा, नंतर बदलू. पोस्टग्रेसक्यूएल हा दुसरा मोठा डेटाबेस वापरणाऱ्यांना सांगितलं जातं, की परवानग्यांच्या फाइलमध्ये ‘ट्रस्ट’ लिहा. ट्रस्ट म्हणजे पासवर्ड न विचारता आत घ्या.

साइट चालू होते. सर ‘थँक्स’ म्हणून अंगठा पाठवतात. त्यानंतर ती एरर पुन्हा कुणालाच दिसत नाही. येऊ नये त्यालाही नाही.

यात दोष एकट्या त्या मुलाचा धरणं सोपं आहे, पण अर्धवट आहे. त्याला पैसे मिळतात साइट चालू करण्याचे. परवानग्या मोजूनमापून देण्याचे कुणी वेगळे देत नाही, आणि साइट चालू झाल्यावर सेटिंग तपासायलाही कुणी सांगत नाही.

उघड्या दाराची किंमत

इंटरनेटवर उघडे सर्व्हर शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र काम करत असतात. जानेवारी २०१७ मध्ये याचा मोठा दणका मोंगोडीबी वापरणाऱ्यांना बसला. पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे असलेले हजारो डेटाबेस काही आठवड्यांत पुसले गेले आणि त्यांच्या जागी बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी ठेवली गेली. जुन्या मोंगोडीबीत बाहेरच्या जगासाठी दार लावून घेणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी होती. त्याच वर्षाच्या अखेरीला आलेल्या ३.६ आवृत्तीपासून सर्व्हर मुळातच फक्त स्वतःच्या मशीनचं ऐकू लागला.

मायएसक्यूएलची पाळी २०२० मध्ये आली. गार्डिकोर या सुरक्षा कंपनीनं डिसेंबरमध्ये ‘प्लीज रीड मी’ नावाच्या हल्ल्यांची माहिती दिली. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर कमकुवत पासवर्ड एकामागोमाग एक लावून बघायचे, आत शिरून डेटा पळवायचा आणि मग मागे खंडणीची सूचना ठेवायची. कंपनीच्या म्हणण्यानुसार ८० हजारांहून जास्त सर्व्हर याला बळी पडले. यात कुठलीही उच्च दर्जाची हॅकिंगची करामत नव्हती. दार रस्त्यावर उघडत होतं आणि कुलूप स्वस्तातलं होतं.

मोठ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीक या एआय कंपनीचं नाव जगभर गाजत असतानाच विझ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना तिचा क्लिकहाउस डेटाबेस इंटरनेटवर उघडा सापडला. पासवर्डची विचारणाच नव्हती. दहा लाखांहून जास्त नोंदी, त्यात लोकांनी चॅटबॉटशी केलेलं बोलणं आणि गुप्त ‘की’ सुद्धा. विझनं कळवल्यावर डीपसीकनं दार लगेच बंद केलं. तिथे कुणाला ‘ॲक्सेस डिनाइड’ दिसलं असतं, तर बातमीच झाली नसती.

भारतात आता याला कायद्याची बाजूही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. डेटा कोण बघू शकतो यावर नियंत्रण ठेवणं आणि कुणी बघितला याच्या नोंदी ठेवणं, दोन्ही त्यात येतं. पुरेशी काळजी न घेतल्यानं डेटा फुटला तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. छोट्या क्लासवाल्यावर इतका दंड बसेल असं नाही. पण “आमच्या मुलानं सेटिंग केलं होतं” हे उत्तर पुरणार नाही, एवढं दिसतंय.

मग त्या रात्री करायचं काय?

आधी एरर पूर्ण वाचायची, क्रमांकासकट. वेबसाइट कुठल्या पत्त्यावरून येतेय ते बघायचं आणि नेमक्या त्याच पत्त्यासाठी खातं बनवायचं. अधिकार द्यायचे ते त्या साइटच्या एकाच डेटाबेसचे, रूट वापरायचाच नाही. रूटचा पासवर्ड खरोखर हरवला असेल तर मायएसक्यूएल परवानग्यांची तपासणी बंद ठेवून सुरू करता येतं. पण तेवढा वेळ प्रत्येक येणारा मालक असतो. म्हणून ८.० पासून असं सुरू केल्यावर मायएसक्यूएल बाहेरच्या नेटवर्कवरून येणारी कनेक्शन आपणहून बंद करतं. पासवर्ड बदलला की सर्व्हर लगेच नेहमीसारखा सुरू करायचा. हे सगळं करायला फार तर अर्धा तास जास्त लागतो.

आणि ज्यांची साइट आज व्यवस्थित चालू आहे, त्यांनीही एकदा आपल्या डेव्हलपरला खात्यांची यादी काढायला सांगावी. मायएसक्यूएलमध्ये ती ‘यूजर’ नावाच्याच टेबलमध्ये असते, एका रकान्यात नाव आणि दुसऱ्यात ठिकाण. ठिकाणाच्या रकान्यात जिथे % दिसेल, तिथे ते कुणी आणि कधी टाकलं हे विचारायचं. ‘फक्त आजच्या रात्रीपुरतं’ म्हणून टाकलेलं एखादं तरी त्यात निघेल.