वाईनमधला शेतकरी नेमका कोणता?

जानेवारी २०२२. महाविकास आघाडी सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली. कारण काय? शेतकऱ्याचं भलं. भाजपनं 'मद्यराष्ट्र' म्हणून रान उठवलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय बारगळला.

जानेवारी २०२४. आता विरोध करणारे सत्तेत. वाईनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के वायनरीला परत देण्याची जुनी योजना पुन्हा सुरू झाली. कारण? पुन्हा शेतकऱ्याचंच भलं. दुकानात बाटली दिसली की संस्कृती बुडते, तिजोरीतून परतावा गेला की मात्र तरते. वा रे न्याय!

माझा परताव्याला विरोध नाही. प्रश्न एवढाच आहे, शेतकरी कोणता?

हा परतावा विक्रीवर मिळतो. जेवढी विक्री मोठी, तेवढा परतावा मोठा. ज्यांच्याकडे मुंबई-पुण्याची हॉटेलं आणि वितरक आहेत, त्यांचं ठीक चाललंय. पण आपल्या निफाड-दिंडोरीकडं स्वतःच्या बागेतल्या द्राक्षाची घरीच रेड वाईन करणाऱ्या कुटुंबाचं गणित बघा.

खायच्या द्राक्षाचा भाव पडला तर बेदाणा तरी करता येतो. कॅबरने, शिराझचा मणी बारीक आणि बियांचा, बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही. त्यात रेड म्हणजे सालीसकट आंबवायची, मग महिनोन्महिने टाकीत नाहीतर लाकडी पिपात मुरवायची. तोवर पैसा अडकलेला. एप्रिलची खरड छाटणी थांबत नाही, मजुरी थांबत नाही, बँकेचा हप्ता तर नाहीच नाही. अशा घराला परतावा उशिरा मिळणं म्हणजे न मिळाल्यासारखंच.

२००९ च्या आसपास काय झालं ते विसरलात का? नारायणगावची इंडेज अडचणीत आली, मंदी आली, वाईनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक राहिलं नाही. लोकांनी उभ्या बागा तोडल्या. तेव्हा 'शेतकऱ्याचं भलं' म्हणणारा एकही पुढारी बांधावर दिसला नाही.

आणि एक स्पष्ट सांगतो, वाईन ही दारूच आहे. तिला फळाचा रस म्हणून खपवू नका. दारूनं मोडलेल्या संसारांच्या बातम्या आम्हीच लिहितो. पण म्हणून शेतकऱ्याच्या नावावर खोटं राजकारण खपवून घ्यायचं का?

साध्या तीन मागण्या आहेत. परतावा कुणाला किती मिळाला, त्याची यादी दरवर्षी जाहीर करा. छोट्या वायनरीचा परतावा आधी आणि ठरलेल्या मुदतीत द्या. द्राक्ष कोणत्या तालुक्यातलं, कोणत्या जातीचं, हे बाटलीवर ठळक छापा.

यादी लपवण्यासारखी नसेल तर दाखवायला हरकत काय? आपल्या आमदारांना हे विचारा. ते पक्ष बघून उत्तर देतील, तुम्ही पक्ष न बघता विचारा.