गोदाम कोणाच्या सोयीने?

गोदाम कोठे बांधावे, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ साली उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा सिद्धान्त मांडला. मालाचे वजन आणि अंतर यांच्या गुणाकारांची बेरीज जेथे सर्वांत कमी, ती जागा वाहतुकीच्या दृष्टीने उत्तम, हे त्याचे सूत्र. सूत्रात दोष नाही. वादाचा मुद्दा आहे तो ही बेरीज कोठून सुरू करावयाची, हा.

व्यापाऱ्याची बेरीज माल विकत घेतल्यानंतर सुरू होते. शेतापासून बाजारापर्यंतचे भाडे शेतकऱ्याच्या खिशातून जाते. म्हणून ते व्यापाऱ्याच्या हिशेबात दिसत नाही. समजा, एका गावातील शंभर शेतकऱ्यांनी प्रत्येकी दहा क्विंटल सोयाबीन तीस किलोमीटरवरील तालुक्याच्या गोदामात स्वतंत्र टेंपोने नेले. परतीचे अंतर धरून ६,००० किलोमीटर झाले. हेच १०० टन गावातील गोदामात साठवून दहा टनी ट्रकांनी हलविले, तर दहा खेपांत ६०० किलोमीटर पुरतात. तेव्हा गावातले गोदाम ही शेतकऱ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. समाजाच्या एकूण खर्चाचीच ती बचत आहे.

नुकसान केवळ भाड्याचे नाही. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. परंतु तारण ठेवण्यासाठी माल आधी गोदामात पोहोचावा लागतो. ज्याला वाहतूक परवडत नाही, तो सुगीतच, भाव पडलेले असताना, दारी आलेल्या व्यापाऱ्याला माल देऊन मोकळा होतो. माल थोपवून धरण्याची शक्ती अशा रीतीने गोदामाच्या जागेवर अवलंबून राहते.

लहान गोदामांचा दर टनामागे खर्च अधिक येतो, हा आक्षेप खोटा नाही. राखणदार, वजनकाटा, कीडनियंत्रण यांचा भार थोड्या मालावर पडतो. म्हणूनच प्रत्येक वाडीवर गोदाम मागणे व्यवहार्य नाही. जवळच्या पाचसात गावांच्या सोसायट्यांनी मिळून एक चालविणे व्यवहार्य आहे.

ही कल्पना नवी नाही. गोरवाला समितीने १९५४ साली ग्रामीण पतपुरवठ्याला साठवणुकीची जोड दिली. त्यातून १९५६ चा कायदा व १९५७ साली राज्य वखार महामंडळ आले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिक सोसायट्यांच्या पातळीवर ७०० लाख टन साठवणुकीची योजना मंजूर केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झाले ते अकरा सोसायट्यांतील गोदामांचे. घोषणा आणि आरंभ यांतील हे अंतरही मोजलेच पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात गावनिहाय माल, अंतर आणि भाडे यांचा तक्ता तयार करावा व तो सोसायटीच्या सभेत मांडावा. शेताच्या बांधापासून केलेली बेरीज हातात असेल, तरच गोदामाची जागा ठरविताना आपल्या मागणीला वजन येईल.