कॉइल का जळते, ते बाटलीला विचारा

कॉइल जळाली की माणूस कॉइललाच शिव्या घालतो. इंग्लंडमधल्या कुठल्याही वेपच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा, हेच कानावर पडेल : मागची महिनाभर चालली, ही चार दिवसांत गेली, माल खराब आहे. दुकानदार नवी कॉइल काढून देतो, दोन-तीन पौंड घेतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. टँकमध्ये ओतलेल्या लिक्विडबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मी लँकेशायरमध्ये ई-लिक्विड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. त्याआधी महाराष्ट्रात औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागात होते. जळक्या कॉइली रोज कापून बघणारी बाई म्हणून सांगते, कॉइल अकाली जाते तेव्हा बहुतेक वेळा दोष बाटलीत असतो. आणि तो दोष बाटलीवर छापायला बनवणाऱ्याला कायद्याने भाग पाडले पाहिजे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटेल. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणे, विकणे, आणणे, तिची जाहिरात करणे, सगळेच बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ब्रिटनने वेगळी वाट धरली. इथली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडू पाहणाऱ्याला वेपकडे वळायला सांगते. २०२३ मध्ये सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना वेपचा संच फुकट देण्याची योजनाच जाहीर केली. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने, आणि मुलांनी तर मुळीच, याच्या वाटेला जाऊ नये हेही तीच आरोग्यसेवा बजावते. मला हे धोरण पटते. पण एखादी वस्तू सिगारेट सोडवण्यासाठी लोकांच्या हातात द्यायची ठरवली, की तिच्यात काय आहे हे औषधाइतक्याच काटेकोरपणे बघायला हवे. तिथे इथली व्यवस्था कमी पडते.

कॉइल म्हणजे बोटाच्या पेराएवढी धातूची नळी. आत कँथल किंवा नायक्रोमची तार असते, हल्ली बहुतेक ठिकाणी तारेऐवजी बारीक जाळीची पट्टी, आणि तिला चिकटून कापूस. कापूस लिक्विड ओढून घेतो, तार तापते, वाफ होते. कँथल हा लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमचा मिश्रधातू, तर नायक्रोम म्हणजे टोस्टरमध्ये लालभडक होणारी तार. दोन्ही हजार अंशांचा ताप सहज सोसतात. वेपमध्ये कापूस ओला असेल तर तीनशेच्या पुढे जायची वेळ सहसा येत नाही. म्हणजे या तापाने तार स्वतःहून मरायचे काही कारण नाही. मरतो तो कापूस, आणि त्याला मारते ती तारेवर चढणारी खरपुडी.

ही खरपुडी एकदा जवळून बघण्यासारखी आहे. नळी पकडीने उकलली की आतला कापूस बाहेर येतो. बाहेरच्या कडेला तो कोऱ्या चहासारखा तपकिरी, तारेलगत काळा ठिक्कर आणि कडक, नखाने दाबला तर तुटतो. तार मोकळी केली की तिच्यावर डांबरासारखा चकचकीत काळा थर दिसतो, जाळीची भोके बुजलेली असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवली तर थोडा भाग सुटतो, बाकीचा खरवडूनच काढावा लागतो. आता हीच कॉइल, तेवढ्याच वॉटवर, नुसत्या प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनच्या मिश्रणावर चालवा. कापूस थोडा पिवळसर होतो, तार जवळजवळ स्वच्छ राहते. यंत्र तेच, कॉइल एकाच पाकिटातली. बदलले फक्त लिक्विड.

लिक्विडमध्ये असते तरी काय? प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना. निकोटीन आणि बहुतेक स्वाद त्यांच्याबरोबर उडून जातात. जे उडते ते मागे काही ठेवत नाही. गोडवा आणण्यासाठी घालतात ते सुक्रलोज मात्र उडत नाही. साखरेच्या सहाशेपट गोड असलेला हा पदार्थ सव्वाशे अंशांच्या आसपासच मोडू लागतो, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, आणि उरलेला कोळसा तारेवर बसतो. प्रत्येक झुरक्याला नवा थर. थर जाड झाला की तारेची उष्णता लिक्विडपर्यंत नीट पोचत नाही, मधेमधे तप्त ठिपके तयार होतात, कापूस तिथे करपतो. खऱ्या तंबाखूच्या पानांचा अर्क घातलेले लिक्विडही कॉइल लवकर खाते, कारण त्या अर्कात पानातली साखर आणि मेण उतरलेले असते. नैसर्गिक म्हणून ते महाग विकले जाते, पण तारेला नैसर्गिक आणि कृत्रिम यातला फरक कळत नाही. तिला उडणारे आणि न उडणारे एवढेच कळते.

इथे आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. लिक्विडमधले स्वाद ओळखायला गॅस क्रोमॅटोग्राफी वापरतात. त्या यंत्रात नमुना तापवून वायूरूपात न्यावा लागतो. सुक्रलोज वायू होतच नाही, आधीच मोडतो, त्यामुळे त्या आलेखावर तो धड दिसत नाही. त्याच्यासाठी नमुना द्रवरूपातच पुढे सरकवणारे दुसरे यंत्र, एचपीएलसी, लावावे लागते. मुद्दाम शोधला नाही तर तो सापडत नाही. आणि तो शोधा असे कायदा सांगत नाही.

ब्रिटनचे २०१६चे नियम एरवी सैल नाहीत. निकोटीन एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. निकोटीन असलेली बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नको, टँक २ मिलिलिटरपेक्षा मोठा नको. कॅफीन नको, टॉरीन नको, वाफेला रंग देणारे काही नको. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची. पण गोडवा किती घालायचा याला मर्यादा नाही आणि तो किती घातला हे छापायचे बंधन नाही. एखादा उत्पादक चिमूटभर घालतो, दुसरा सढळ हाताने ओततो, गिऱ्हाइकाला दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. रंगावरूनही काही ठरवता येत नाही. निकोटीन हवेने तपकिरी होते, व्हॅनिलाच्या स्वादाने लिक्विड गडद होते, आणि भरपूर सुक्रलोज घातलेली बाटली पाण्यासारखी नितळ असू शकते.

१ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या वेपवर बंदी आली. ती यायलाच हवी होती. रस्तोरस्ती लिथियमच्या बॅटऱ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. पण त्या फेकाऊ वेपने लाखो जिभांना एक चव लावून ठेवली, अतिगोड. त्यात दोनच मिलिलिटर लिक्विड असायचे आणि कॉइल आत बंद. लिक्विड संपले की सगळेच कचऱ्यात, त्यामुळे कॉइलवर काय चढत होते ते कुणालाच दिसले नाही. आता तीच माणसे पुन्हा भरायचे पॉड घेऊन फिरतात आणि तीच चव मागतात. कंपन्याही त्याच चवीच्या बाटल्या काढतात. दोन मिलिलिटरपुरता जो गोडवा खपून गेला, तोच आता महिनाभर टिकायला हव्या असलेल्या कॉइलवर बसतो आहे. दुकानातली 'कॉइल खराब' ही तक्रार वाढली ती यामुळे.

कुणी म्हणेल, दोन पौंडांची कॉइल, लवकर गेली तर गेली. मी हे हलक्यावारी घेऊ शकत नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ मूळचे नाशिकचे, बोल्टनला बस चालवतात. वयाच्या विशीपासून सिगारेट. छातीचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा घाबरून वेपवर आले आणि खरोखरच सिगारेट सुटली. मग एका संध्याकाळी घरी आले ते वैतागूनच.

"वहिनी, याच्यापेक्षा माझी सिगारेट बरी होती. निदान घसा तरी असा जळत नव्हता. तिसरी कॉइल ही, आठवडाही झाला नाही."

"भाऊ, बाटली दाखवा."

"बाटलीला काय झालंय? बिघडलंय ते यंत्र."

बाटली निघाली स्ट्रॉबेरी कस्टर्डची, स्वस्तातली, ७० टक्के ग्लिसरीनवाली. यंत्र छोटे, पॉडचे. म्हणजे दुहेरी घोळ. एक तर गोडवा भरपूर. त्यात ग्लिसरीन प्रोपिलीन ग्लायकॉलपेक्षा वीसपटीहून जास्त घट्ट, ते पॉडच्या कॉइलच्या बारीक छिद्रांतून कापसापर्यंत वेळेवर पोचत नाही. कोरडा कापूस आणि तापलेली तार, मग दुसरे काय होणार? मी त्यांना निम्मे-निम्मे मिश्रण असलेले, गोड न केलेले पुदिन्याचे लिक्विड घ्यायला सांगितले. नवी कॉइल भरल्यावर दहा मिनिटे तशीच ठेवा, कापूस भिजू द्या, असेही सांगितले. पंधरवडा उलटला तरी तीच कॉइल चालू होती. त्या दिवशी बाटलीकडे कुणी पाहिलेच नसते, तर परतीच्या वाटेवर त्यांनी सिगारेटचे पाकीट घेतले असते, हे त्यांनीच नंतर सांगितले. जळक्या चवीने माणूस पुन्हा तंबाखूकडे जातो. कॉइलच्या आयुष्याचा हिशेब मी पौंडांत करत नाही तो एवढ्यासाठी.

आणि ती जळकी चव म्हणजे नुसती चव नव्हे. ग्लिसरीन अति तापले की त्यातून पाणी निघून जाते आणि अॅक्रोलीन उरते. आपल्या स्वयंपाकघरात फोडणीचे तेल जळल्यावर डोळ्यांत पाणी आणणारा, घशात ठसका लावणारा धूर येतो, त्यातला तिखटपणा याच अॅक्रोलीनचा. कढई जळाली तर आपण खिडक्या उघडतो. इथे माणूस तो वायू मुद्दाम छातीत ओढतो. त्याच्या जोडीला फॉर्माल्डिहाइड आणि अॅसिटाल्डिहाइड. गोडव्यासाठी सुक्रलोज घातलेल्या लिक्विडच्या वाफेत हे अल्डिहाइड वाढतात, हे प्रकाशित संशोधनात दिसले आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ वापरकर्त्यांची यंत्रे तपासली, तेव्हा बाटलीतल्या लिक्विडपेक्षा कॉइलवरून गेलेल्या वाफेत शिसे, निकेल, क्रोमियम यांसारखे धातू जास्त सापडले. तेव्हा कॉइल काळी पडली की 'अजून दोन दिवस काढू' म्हणणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, काढू नका. फेका ती.

दर्जाचा आणखी एक पदर आहे, आणि तो मुंबईत शिकलेल्या माणसाला विसरता येत नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले ते ग्लिसरीनमुळे. औषधी म्हणून दिलेल्या त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने सगळी साखळी उघडी केली. आमच्या पिढीच्या औषध तपासनिसांना पहिल्या दिवसापासून शिकवले गेले की ग्लिसरीनचे पिंप आले, की कागद कितीही चोख असो, आधी डायएथिलीन ग्लायकॉल तपासायचे. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ई-सिगारेटची काडतुसे तपासली तेव्हा एका काडतुसात हाच पदार्थ सुमारे एक टक्का निघाला. आणि २०१९ची ती साथ, अमेरिकेत २,८०० हून अधिक माणसे फुप्फुसाच्या इजेने रुग्णालयात गेली, ६८ दगावली. बहुतेक रुग्णांनी गांजाच्या अर्काचे वेप ओढले होते, बरेचसे चोरबाजारातले, आणि त्या तेलात दाटपणासाठी व्हिटॅमिन ई अॅसिटेट मिसळले होते. चांगल्या प्रतीचे ग्लिसरीन कॉइल वाचवेल की नाही हा पुढचा प्रश्न. वाईट प्रतीचे काय करू शकते ते आपण पाहिले आहे.

म्हणूनच मला येऊ घातलेल्या कराची धास्ती वाटते. १ ऑक्टोबर २०२६ पासून ब्रिटनमध्ये प्रत्येक १० मिलिलिटरमागे २ पौंड २० पेन्सचा कर ठरला आहे, त्यावर २० टक्के व्हॅट वेगळा. निकोटीन असो वा नसो, कर तोच. ज्या बाटल्या आज दोन-तीन पौंडांना मिळतात त्यांची किंमत जवळपास दुप्पट होईल. मुले दूर राहावीत म्हणून वेप महाग व्हावे, याला माझा विरोध नाही. पण गरिबीत सिगारेट सोडणारा माणूस स्वस्त बाटली शोधणार, आणि कर चुकवून विकलेल्या बाटलीत काय आहे हे कुणीही तपासलेले नसणार. पुण्या-मुंबईत चोरून वेप ओढणाऱ्या कॉलेजच्या मुलांची गत आजच अशी आहे. बंदीमुळे त्यांच्या हातातल्या वस्तूवर ना घटक छापलेले, ना कुठली प्रयोगशाळा तिला जबाबदार. जळका वास आला तरी विचारणार कुणाला?

सगळे स्वादच बंद करा, असे म्हणणारे इथे पुष्कळ आहेत. मी त्यांच्या बाजूची नाही. तंबाखूच्या चवीपासून लांब गेलेला माणूस तंबाखूपासूनही लांब राहतो, हे मी आजूबाजूला पाहते. पुदिना राहू दे, लिंबाचा स्वाद राहू दे, फक्त तो तेलाच्या रूपात नको, तेल फुप्फुसात जाता कामा नये. माझी मागणी साधी आहे. निकोटीन किती मिलिग्रॅम हे प्रत्येक बाटलीवर ठळक छापलेले असते. त्याच्याशेजारी गोडव्याचे मिलिग्रॅम छापा, आणि बाजारात आणण्यापूर्वी नियामकाकडे जी माहिती द्यावीच लागते तिच्यात कॉइलवर उरलेल्या खरपुडीचे वजन घाला. ठराविक कॉइल, ठराविक वॉट, ठराविक झुरके, मग तारेवर काय उरले ते तराजूवर. सुक्रलोज मोजायला एचपीएलसीवर एक दुपार लागते, ते यंत्र कुठल्याही बऱ्या औषध प्रयोगशाळेत असते, आणि दहा मिलिलिटरच्या त्या चिमुकल्या लेबलवर आणखी एका आकड्यापुरती जागा नक्की आहे.