काळ्या मातीत जीप घालण्यापूर्वी



आपल्या शिवारात आता बैलबंड्या कमी आणि मोटारी जास्त झाल्या आहेत. कुणाकडे जुनी जीप आहे, कुणी नवी फोर-व्हील गाडी घेतली आहे, कुणाचा ट्रॅक्टर पुढच्या चाकांनीही ओढतो. त्याबरोबर एक समजूतही गावात शिरली आहे: ‘चारही चाके ओढतात, मग चिखलाची काय बिशाद?’ ही समजूत महागात पडते. म्हणून आजचे पान तिच्यासाठी.

आधी एक घोटाळा दूर करू. चार चाके असली म्हणजे गाडी चारही चाकांनी ओढते असे नाही. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींत एंजिनाची ताकद फक्त मागच्या किंवा फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. बाकीची दोन नुसती फरफटत येतात. चारही चाकांना ताकद देणारी जीप दुसऱ्या महायुद्धात, 1941 पासून, अमेरिकन सैन्यासाठी मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. 1945 साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने 1947 पासून ती मुंबईत जोडायला घेतली. मग सैन्य, जंगलखाते, पाटबंधारे असे करत ती शेतकऱ्याच्या अंगणात आली.

जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दांडे दिसतात. त्यांतला एक पुढच्या चाकांना ताकद जोडतो. दुसरा गाडीला ‘लो’मध्ये टाकतो, म्हणजे वेग कमी करून चाकावरचा जोर दोन ते अडीच पट वाढवतो. काही गाड्यांत पुढच्या चाकांच्या मध्यावरची कळ आधी हाताने फिरवावी लागते. ती न फिरवता नुसता दांडा ओढला, तर पुढची चाके कोरडीच राहतात. नव्या गाड्यांत हेच काम एका बटणावर होते. आपल्या गाडीत काय आहे, हे चिखलात उतरण्यापूर्वी अंगणातच पाहून घ्या.

आता या ताकदीची मर्यादा. डाव्या-उजव्या चाकांच्या मध्ये डिफरन्शिअल असतो. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून ती सोय आहे. पण एक चाक चिखलात सुटले, की फिरण्याची सगळी हौस तेच भागवते आणि घट्ट जमिनीवरचे चाक गप्प उभे राहते. पुढे एक आणि मागे एक अशी दोन चाके सुटली, तर साध्या फोर-व्हील गाडीचाही खुंटा होतो. दुसरी गोष्ट, चारही चाके ओढत असली तरी ब्रेक मात्र सगळ्या गाड्यांचे सारखेच. निसरड्यावर फोर-व्हील गाडी चालू लागते लवकर, थांबत नाही लवकर.

आपली जमीनही ओळखली पाहिजे. आर्वी, आष्टी, कारंजा भागातल्या टेकड्यांवर मुरूम आणि दगड आहे. तिथे पाऊस पडून गेला की दोन तासांत वाट चालू लागते. हिंगणघाट-समुद्रपूरकडची भारी काळी जमीन वेगळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी प्याली की ती फुगते. तिचा गारा टायरच्या नक्षीत गच्च बसतो. मग टायर कितीही खडबडीत असो, दहा हातांवर तो घासलेल्या गोट्यासारखा गुळगुळीत होतो. म्हणून इतर मुलखात चालणारी युक्ती आपल्याकडे चालेलच असे नाही. आपल्याकडची पहिली युक्ती म्हणजे थांबणे. दोन दिवस उघाड मिळाली, तर काळी वाट वरून सुकते आणि पुष्कळ भार सोसते.

थांबणे शक्य नसेल, तर पुढील गोष्टी पाळा.

उतरून पायी चाला. जिथे तुमचा पाय घोट्याच्या वर रुततो, तिथे भरलेली गाडी रुतणारच. काठी खुपसून पाहा. वरचा चिखल वीतभर आणि खाली कडक असेल, तर गाडी निघते. काठी नरमच जात राहिली, तर दुसरी वाट धरा.

फोर-व्हील आधी जोडा, रुतल्यावर नव्हे. ‘लो’मध्ये दुसरा गिअर टाकून एका चालीने जा. मध्येच गिअर बदलू नका, क्लचवर पाय ठेवू नका. चाक घसरू लागले की अ‍ॅक्सिलरेटर दाबण्याचा मोह होतो. तो आवरा. घसरणारे चाक पुढे नेत नाही, खड्डा खणते. हलका पाय ठेवून स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवले, तर टायरच्या कडा नवी जागा धरतात.

चाकोरी खोल असेल तर नीट विचार करा. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीत जीपची चाके जातात, पण पोट मधल्या उंचवट्यावर टेकते आणि चाके अधांतरी राहतात. मग चारही चाके ओढून उपयोग नाही. अशा वेळी एक बाजू मधल्या वरंब्यावर आणि दुसरी कडेला ठेवून चालवा. स्टिअरिंग धरताना अंगठे आत घालू नका, वरच ठेवा. चाक दगडावर आदळले की स्टिअरिंग झटक्याने फिरते आणि अंगठा मोडते.

टेकडीवर सरळ चढा, सरळ उतरा. आडवी गाडी कलंडते. उतरताना ‘लो’चा पहिला गिअर ठेवा आणि क्लच दाबू नका. एंजिनच गाडी धरून ठेवते.

नरम जमिनीत टायरची हवा 20 पौंडांपर्यंत उतरवली, तर टायर पसरतो आणि कमी रुततो. पण डांबरी लागताच हवा पुन्हा भरा. कमी हवेच्या टायरवर वेगाने पळाल्यास तो तापून फुटतो. डांबरी लागताच फोर-व्हीलही काढा. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात हा फरक घसरून निघून जातो. कोरड्या रस्त्यावर तो निघत नाही, दात्यांवर ताण येतो आणि दांडाही अडकून बसतो.

आता पाण्याविषयी. हे जिवाचे आहे, म्हणून सावकाश वाचा. संथ पाणी खोल असते, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. वाहते पाणी त्याहून फसवे. थोडा हिशेब करू. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. बंद गाडीचा तळ साधारण 6 चौरस मीटर धरला, तर तळाच्या वर केवळ 25 सेंटिमीटर, म्हणजे वीत-सव्वा वीत, पाणी चढले की ते दीड टनाची गाडी उचलू पाहते. चाकांवरचा भारच गेला, तर चारही चाकांची ताकद काय कामाची? मग प्रवाह तिला लोटून नेतो. जुलै 2022 मध्ये शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, सावनेर तालुक्यात, पुलावरून पाणी वाहत असताना एक स्कॉर्पिओ वाहून गेली आणि माणसे गेली. सप्टेंबर 2021 मध्ये यवतमाळच्या उमरखेड तालुक्यात एस. टी. बससुद्धा नाल्याच्या पुरात गेली. बस काही हलकी नसते. रपट्यावरून पाणी वाहताना दिसले, की अलीकडेच थांबा. पूर ओसरतो, आपण परत येत नाही.

साचलेले, न वाहणारे पाणी गुडघ्याखाली असेल, तर काठीने तळ चाचपून हळू जा. पाण्यात एंजिन बंद पडले तर पुन्हा चालू करू नका. पाणी आत ओढले गेले असेल, तर एंजिनाचे दांडे वाकतात. बाहेर निघाल्यावर दोन-तीन वेळा ब्रेक दाबून ते कोरडे करून घ्या.

गाडी रुतलीच तर? आधी एंजिन थांबवा आणि फावडे घ्या. चाकांपुढचा आणि पोटाखालचा गारा काढा, चाकांखाली पऱ्हाट्या, तुराट्या किंवा मुरूम दाबा आणि शक्यतो आलेल्या वाटेनेच मागे निघा. ट्रॅक्टरने ओढायचे असेल, तर दोर ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच बांधा. वर बांधला तर ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. ताणलेल्या दोरावर ओले पोते टाका आणि मुलांना दोराच्या दुप्पट अंतरावर उभे करा. तुटलेला दोर चाबकासारखा येतो.

घरात अडलेली बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस असेल, तर मन घाई करते. अशा वेळी आधी 108 ला फोन लावा आणि रुग्णवाहिका पक्क्या रस्त्यावर कुठे उभी करायची ते ठरवा. पांदण अर्ध्या मैलाची असेल, तर चार माणसांनी बाजेवर नेलेला रोगी पुष्कळदा जीपच्या आधी पोचतो. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय कितीही चांगले असले, तरी गाऱ्यात रुतलेल्या जीपपर्यंत ते येऊ शकत नाही.

शेवटी शेजारधर्माचे. फोर-व्हील गाडी ओल्या पांदणीतून निघून जाते, पण मागे हातभर खोल चाकोरी ठेवून जाते. त्याच वाटेने उद्या कुणाची बंडी जायची असते, कुणी बाई डोक्यावर भारा घेऊन यायची असते, पोरे शाळेत जायची असतात. ज्याच्या गाडीत जोर जास्त, त्याने थांबायचेही जास्त. हल्ली शहरातली तरुण मंडळी नुसत्या हौसेसाठी टेकड्या-नाले तुडवायला येतात. हौस करावी, पण मालकाला विचारून आणि पडीक जागेत. बोरच्या जंगलात तर मुळीच नाही. ते 1970 पासून अभयारण्य आणि 2014 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे नेमून दिलेली वाट सोडून गाडी घालणे हा कायद्याने गुन्हा आहे.

चैत्र-वैशाखात पांदणीच्या दोन्ही कडांना चर काढा, मध्ये मुरूम टाकून तिला पाठ द्या, म्हणजे पाणी कडेला उतरेल. दहा घरांनी आठ दिवस खपून हे केले, तर आषाढात साधी गाडीही घरी येईल. मग फोर-व्हीलचा दांडा वर्षातून दोनदाच ओढावा लागेल, आणि तेवढा ओढावा लागणेच बरे.