वाकडा टाका

जुनी लुगडी-धोतरे एकावर एक अंथरून त्यांवर धावदोरा घालीत गेले की गोधडी होते. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच वाकळ म्हणतात. शिवणारीपाशी बहुधा ना आखणी असते, ना मोजपट्टी. विरलेले कापड ओढले जाते, थर सरकतात आणि टाका वाकडा पडतो. त्याने ऊब कमी होत नाही. तरीही तोच टाका दाखवून भाव पाडणारे सुशिक्षित ग्राहक आढळतात. हस्तकलेचे कौतुक करावयाचे आणि अपेक्षा मात्र यंत्राच्या सफाईची बाळगावयाची, ही विसंगती होय. उसवणारी शिवण अवश्य परत करावी. परंतु वाकड्या टाक्यापायी कुणा माउलीची मजुरी कापू नये. सरळ रेघच हवी असेल, तर यंत्रावरची रजई बाजारात आहेच!