देवापुढील नृत्य

नाताळच्या आसपास आमच्या नांदेड जिल्ह्यात दोन उत्सव एकमेकांच्या जवळ येतात. लोहा तालुक्यातील माळेगावी, मार्गशीर्ष वद्यात, खंडोबाची यात्रा भरते. तेथे वाघ्या-मुरळी नाचतात, लावणीचे फड रंगतात. आणि नांदेड-लातूरच्या ख्रिस्ती वस्त्यांतून घरोघरी कागदी तारे लागतात. अशाच एका वस्तीतील चार तरुण मध्यंतरी आमच्याकडे आले. प्रभुजन्माच्या उपासनेत हलगीच्या ठेक्यावर फेर धरावा अशी त्यांची इच्छा. मंडळीतील ज्येष्ठांचा त्यास सक्त विरोध. ‘बुवा, तुम्ही कीर्तनात नाचता, मग आम्ही नाचलो तर काय बिघडले?’ हा त्यांचा प्रश्न.

प्रश्न कीर्तनकारास विचारावा हे उचितच होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग, भजन, कीर्तन ही सारी शिदोरी बरोबर नेली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. पण कीर्तन गेले, तरी त्यातले पाऊल मागेच राहिले असावे.

शास्त्राधार हवा तर तो त्यांच्याच ग्रंथात आहे. कराराचा कोश यरुशलेमेत येत असता दावीद राजा देहभान विसरून नाचला. खिडकीतून पाहणाऱ्या मीखल राणीला मात्र त्याची लाज वाटली. स्तोत्रसंहितेच्या अखेरच्या स्तोत्रात तर डफ आणि नृत्य या दोहोंना निमंत्रण आहे. रोमन कॅथलिक धर्मपीठाने १९७५ साली पाश्चात्त्य उपासनेत नृत्य आणण्यास नकार दिला खरा, कारण तेथे नृत्य म्हणजे करमणूक. पण त्याच धर्मपीठाने १९८८ साली आफ्रिकेतील झाईर देशाच्या उपासनाविधीस मान्यता दिली, आणि त्यात वेदीभोवती लयबद्ध पदन्यास आहे. मुंबईत अंधेरीच्या ज्ञानआश्रमात फादर प्रॉक्श यांनी ख्रिस्तचरित्र भारतीय नृत्यातून मांडले, त्यालाही आता बराच काळ लोटला.

आमच्याकडे धनंजयाच्या दशरूपकात नृत्य भावाश्रित आणि नृत्त केवळ ताललयाश्रित, असा भेद केला आहे. चित्रपटगीताची चाल उचलून, प्रेक्षकांकडे तोंड करून केलेल्या उड्या नृत्तातही धड बसत नाहीत. (गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत आमचीच मुले काय करतात, ते आम्ही येथे सांगत नाही.) हे सारे त्या तरुणांना ऐकवून आम्ही त्यांच्या ज्येष्ठांची समजूत घालावयास गेलो.

त्यांनी आमचे पांडित्य शांतपणे ऐकून घेतले. मग एक वृद्ध म्हणाले, ‘बुवा, आमचे आजे गावाची हलगी वाजवीत. देव तुमचा, पालखी तुमची; हलगी आमची आणि उभे राहायचे ते देवळाबाहेर. ती हलगी टाकून ते इथे आले.’

आम्ही निरुत्तर झालो. मराठवाड्यातील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे मूळची महार-मातंग समाजांतील. हलगी हे मातंगांवर लादलेले गावकाम होते. मीखलची लाज राजवाड्याची होती, या वृद्धांची लाज वेठीची होती. दोन्हींना एकच उत्तर देण्याची चूक आम्ही केली. शिवाय ज्या देवळांनी हलगीचा नाद घेतला आणि वाजविणाऱ्यास उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच देवळांत आमची कीर्तने रंगली आहेत.

तरीही आमचे मत तरुणांच्या बाजूचे आहे. जे वाद्य आजोबांना बाहेर उभे राहून वाजवावे लागले, ते नातवाने आपल्या देवापुढे, आत, स्वखुशीने वाजवावे यात आम्हांस कमीपणा दिसत नाही. वाद्य चामड्याचे आहे. वेठ आम्ही लादली होती. मात्र हे मत त्या वृद्धांपुढे बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे, तो त्यांच्या नातवांचा. तसे आम्ही त्या चौघांस सांगितले. ते म्हणाले, आजोबांना विचारल्याखेरीज हलगी तापवणार नाही.

होकार अद्याप आलेला नाही.