नळाला जोर किती हवा?

बदनापूर, जालना, अंबड या पट्ट्यात नळफिटिंग, बोअरच्या मोटारी आणि हार्डवेअरच्या धंद्यात आपले बरेच बांधव आहेत. हातात कसब आहे, पण पाइपातले प्रेशर मोजण्याची सवय नाही. गिऱ्हाईक म्हणते, "पाणी जोरात आले पाहिजे," आणि आपण जोर देऊन मोकळे होतो.

हिशेब सोपा आहे. १० मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे १ किलो प्रेशर. दोन मजली घरावरची टाकी खालच्या नळाला पाऊण किलोच्या आसपास देते. त्याने काही फुटत नाही. घोटाळा होतो तो टाकी वगळून बोअरची लाइन सरळ घरात जोडल्यावर. समजा मोटारीचे कमाल हेड १५० मीटर आहे आणि पाणी ६० मीटरवर आहे. सगळे नळ बंद झाले की जमिनीवरच्या पाइपात ९ किलोपर्यंत प्रेशर चढते. घरगुती नळांना २ ते ३ किलो पुष्कळ झाले. मग गीझरची टाकी, फ्लशचा व्हॉल्व्ह, भिंतीतला जॉइंट यांपैकी जे कच्चे असेल ते आधी जाते. सीपीव्हीसी पाइप गरम पाण्यात थंड पाण्याइतके प्रेशर सोसत नाही, हेही विसरू नये.

आता नवे काम येऊ शकते. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो आणि वेरूळ-अजिंठा जवळच आहे. अशा गाडीतली नळजोडणी साधारण ३ किलोच्या बेताची असते. ढाब्यावरच्या बोअरलाइनला तिची नळी तशीच लावली, तर प्लायवूडच्या आड जॉइंट ठिबकू लागतो आणि लाकूड कुजल्यावरच मालकाला कळते. रेग्युलेटर लावायचा तो गाडीकडे नव्हे, बाहेरच्या नळाच्या तोंडाशी, म्हणजे नळीही वाचते.

फिटर म्हणतात, गिऱ्हाईक रेग्युलेटरचे पैसे देत नाही. खरे आहे. पण गेज लावून काटा दाखवल्यावर देणारेही निघतात. मालातला दोष लपवून विकणे आपल्या शरीअतमध्ये नाजायज आहे. फिटिंगमधला धोका ठाऊक असून गप्प बसणे त्याहून फार वेगळे, असे मला वाटत नाही. दुकानदारांनी तरी गेज आणि रेग्युलेटर गल्ल्याजवळ मांडावेत.

मशिदीच्या वुजूखान्याचे काम तर आधी हाती घ्यावे. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे लिटरभराच्या आतबाहेर पाण्यात वुजू करीत, अशी हदीस आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि तोच नळ ४ किलोवर धो धो वाहतो! तेच प्रेशर १ किलोवर आणले, तर त्याच नळातून निम्मेच पाणी जाते आणि वुजूला ते भरपूर होते. मुतवल्लींनी पुढच्या दुरुस्तीच्या वेळी फिटरला एवढे सांगून ठेवावे.